सिंगल स्कल्स (पुरुष)

एकाच नौकानयनपटूने दोन हातांत दोन वल्ही घेऊन एकट्याने नौका वल्हवण्याची शर्यत. खेळाडू प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतो. सरकत्या बैठकीमुळे पायांचा जोरही वल्ह्यांपर्यंत पोहोचतो. आंतरराष्ट्रीय शर्यतीचे प्रमाण अंतर 2000 मीटर आहे.

1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमधील नौकानयन खराब हवामानामुळे रद्द झाले. 1900 मध्ये पॅरिसला फ्रान्सचा एर्मान बारले पहिला विजेता ठरला. 1920 ची अँटवर्पची शर्यत या प्रकारातील सर्वांत संस्मरणीय म्हणावी लागेल. फिलाडेल्फियाचा जॉन केली पूर्वी गवंडीकाम करत असे. त्याच वर्षी इंग्लंडमधील हेन्ली शर्यतीत त्याला प्रवेश नाकारण्यात आला होता. अँटवर्पला त्याने ब्रिटनच्या जॅक बेरसफर्डला अवघ्या एका सेकंदाने हरवले. बेरसफर्डने 1924 मध्ये सुवर्ण मिळवले.

सोव्हिएत संघाचा व्याचेस्लाव्ह इव्हानोव्ह (1956, 1960, 1964) आणि फिनलंडचा पेर्टी कार्पिनेन (1976, 1980, 1984) यांनी सलग तीन सुवर्णपदके जिंकली. हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही. जागतिक स्पर्धा 1962 मध्ये ल्युसर्न येथे सुरू झाली. त्यातही पहिला विजेता इव्हानोव्हच. पश्चिम जर्मनीचा पेटर-मिखाएल कोल्बे पाच वेळा जगज्जेता झाला, पण ऑलिंपिकमध्ये त्याला तीन रौप्यांवरच थांबावे लागले.

2016 मध्ये रिओला न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन यांची वेळ सारखीच भरली. छायाचित्रावरून ड्रायस्डेलला विजयी ठरवले गेले. याच स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ 13 वा आला.

2024 मध्ये पॅरिसला जर्मनीच्या ऑलिव्हर झाइडलरने सुवर्णपदक मिळवले.