माशाने घडवलेली बोट

क्युबाची राजधानी हवाना. या शहराच्या वेशीवर फिन्का विहिया नावाचे घर आहे. अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे तेथे अनेक वर्षे राहिले. आज ते घर म्हणजे एक संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात छपराखाली एक लाकडी बोट जपून ठेवली आहे. तिचे नाव ‘पिलार’. हेमिंग्वे यांचे साहित्य हा काही आपला आजचा विषय नाही. आपल्याला ही बोट वाचायची आहे. एखादे यंत्र किंवा वाहन असेच का घडले, हे त्याचा एकेक भाग पाहून सांगता येते. ‘पिलार’च्या बाबतीत तर जवळजवळ प्रत्येक भागामागे समुद्राने किंवा माशाने घातलेली एक अट आहे.

आपल्याकडे समुद्रावर मासेमारी म्हणजे पोटाचा उद्योग. खेळ म्हणून, एका गळाने, एका वेळी एक मासा पकडायचा आणि त्यासाठी दूर समुद्रात मुक्काम करायचा, ही कल्पना आपल्याला थोडी विचित्र वाटेल. अमेरिकेत या खेळाला वळण लागले ते कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटॅलिना बेटावर. १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी तेथे १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा, ब्लूफिन ट्यूना काठी आणि रिळाच्या साहाय्याने पकडला आणि त्याच वर्षी ‘टूना क्लब’ स्थापन केला. त्या काळच्या बोटी लहान आणि उघड्या असत. गळाला लागलेला मासा बोटीलाच ओढत नेई. शिवाय अंधार पडण्यापूर्वी किनारा गाठावा लागे. म्हणजे बोट किती दूर जाऊ शकेल, हे इंजिनापेक्षाही सूर्य ठरवत असे.

प्रवाहाच्या काठावर घर

मार्लिन आणि ट्यूना हे मोठे मासे किनाऱ्यालगत फारसे येत नाहीत. फ्लोरिडातील की वेस्ट आणि क्युबा यांच्यामध्ये सुमारे १५० किलोमीटर समुद्र आहे. त्यातून गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह वाहतो. मार्लिन या प्रवाहाच्या आधाराने फिरतात. त्यांचा माग काढायचा तर एका दिवसाची फेरी पुरत नाही. बोटीवरच राहायला हवे.

१९३४ साली हेमिंग्वे यांनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्याकडून ३८ फूट, म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर लांबीची बोट घेतली. ती मुळात कुटुंबासह सफरीला जाण्याची, कारखान्याच्या यादीतली बोट. तिच्यात झोपायची सोय होती, छोटे स्वयंपाकघर होते. हेमिंग्वे यांनी त्यात मासेमारीसाठी बदल सांगितले. ते बदल पाहण्यासारखे आहेत.

पहिला बदल इंजिनांचा. ७५ अश्वशक्तीचे मुख्य इंजिन होतेच. त्याच्या जोडीला स्वतंत्र पंख्याचे ४० अश्वशक्तीचे दुसरे इंजिन बसवले गेले. कारण आमिष बोटीमागून संथ गतीने ओढत न्यायचे असते. मोठे इंजिन तासन् तास मंद चालवण्यापेक्षा लहान इंजिन त्या कामाला बरे. शिवाय भर समुद्रात एक इंजिन बंद पडले, तर दुसरे घरी आणते.

दुसरा बदल इंधनाचा. टाक्या वाढवून सुमारे ३०० गॅलन, म्हणजे ११०० लिटरहून अधिक पेट्रोलची सोय केली. मुक्कामाच्या बोटीचा हा पाया. बिछाने कितीही असोत, परतीचे इंधन नसेल तर ते निरुपयोगीच.

तिसरा बदल सर्वात महत्त्वाचा. बोटीची पिछाडी सुमारे एक फुटाने कापून खाली आणली आणि तिच्या काठावर लाकडी रूळ बसवला. कित्येक क्विंटलचा मासा पाण्यातून वर घ्यायचा, तर प्रत्येक इंच उंची म्हणजे जास्तीचे काम. रुळामुळे घर्षणही घटते. आणि येथे वेळेला किंमत होती. बहामा बेटांतील बिमिनी येथे गळाला लागलेला ट्यूना वर येईपर्यंत शार्क त्याचे लचके तोडत. तेथे १९३५ साली हेमिंग्वे यांनी ट्यूना अखंड स्थितीत किनाऱ्याला आणला, तेव्हा ती बातमीच ठरली.

मात्र समुद्र फुकट काही देत नाही. पिछाडी खाली आणली की मागून येणारी लाट आत शिरते. म्हणून आत आलेले पाणी झटकन बाहेर टाकणारी भोके लागतात आणि नाळ मात्र उंचच ठेवावी लागते. या वर्गातल्या बोटींचा ओळखीचा आकार असा तयार झाला. पुढून गलबत, मागून होडी.

न्यूटनचा तिसरा नियम खुर्चीत बसतो

मोठा मासा आणि माणूस यांच्या झटापटीत दोर दोघांनाही सारख्याच बलाने ओढत असतो. माणूस उभा असेल तर तोल जातो आणि क्वचित तोच पाण्यात जातो. म्हणून डेकला घट्ट बसवलेली, सर्व दिशांना फिरणारी खुर्ची आली. तिला पाय टेकायला आधार असतो आणि काठीचे टोक अडकवायला खोबण. मासा ज्या दिशेला जाईल तिकडे खुर्ची वळते. बल पायांवाटे खुर्चीत आणि खुर्चीवाटे सगळ्या बोटीत उतरते. मग माशाशी झुंजते ती माणसाची कंबर नव्हे, तर बोटीचे सारे वस्तुमान.

बोटीच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे पसरवण्याची युक्तीही त्याच काळातली. पंख्यामुळे बोटीमागे पाणी फेसाळते. दांड्यांमुळे आमिषे त्या फेसाबाहेर, स्वच्छ पाण्यात आणि एकमेकांपासून दूर राहतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथील रायबोविच कुटुंबाने या साऱ्या गोष्टी मुळातच आराखड्यात धरून बोटी बांधायला सुरुवात केली. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या बोटींवर उंच धातूचा मनोरा आला. मनोऱ्याचा उपयोग फक्त दूरचे दिसण्यापुरता नाही. वर्गात हे गणित करून पाहता येईल. डोळा पाण्यापासून अडीच मीटर उंच असेल, तर १५ मीटर अंतरावरच्या माशाकडे पाहणारी नजर पृष्ठभागाशी जेमतेम ९-१० अंशांचा कोन करते. अशा वेळी पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा पाण्यावरून परावर्तित होतो आणि दिसते ते केवळ आभाळ. डोळा ९ मीटर उंच नेला, की कोन सुमारे ३० अंश होतो आणि परावर्तन ६ टक्क्यांवर येते. पाणी जणू पारदर्शक होते.

आजची अशी बोट १८ ते २५ मीटरची असते. नाळेकडच्या भागात खाली झोपण्याच्या खोल्या, मध्ये बैठक आणि स्वयंपाकघर, त्यावर चालकाची उंच जागा आणि मागे तोच ठेंगणा, मोकळा डेक. डिझेल इंजिने हजार अश्वशक्तीच्या पुढची. खारे पाणी गोडे करणारे यंत्र, डुलणे कमी करणारे फिरते जड चाक, मासा शोधणारा सोनार. ‘पिलार’चे सारे प्रश्न तेच राहिले, उत्तरे मात्र कितीतरी बलवान झाली.

बोटीने विज्ञानाला काय दिले?

१९३० च्या दशकात मार्लिनच्या जाती नेमक्या किती, याबद्दल गोंधळ होता. एवढा मासा बरणीत मावत नाही, उन्हात लवकर खराब होतो आणि मेल्यावर त्याचे रंगही बदलतात. संग्रहालयात बसून प्रश्न सुटणार नव्हता. १९३४ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या नैसर्गिक विज्ञान अकादमीचे संचालक चार्ल्स कॅडवालाडर आणि मत्स्यशास्त्रज्ञ हेन्री फाउलर क्युबाला आले व ‘पिलार’वरून त्यांनी ताजे मासे पाहिले. पांढरा, पट्टेवाला, रुपेरी आणि काळा मार्लिन या एकाच माशाच्या वाढीच्या अवस्था असाव्यात, असा हेमिंग्वे यांचा तर्क होता. तो पुढे टिकला नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत योग्य होती. १९३५ मध्ये फाउलर यांनी एका काटेरी माशाला ‘निओमेरिंथे हेमिंग्वेई’ असे नाव दिले.

१९५४ मध्ये वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे फ्रँक मॅथर यांनी हौशी मच्छीमारांनाच कामाला लावले. मासा पकडायचा, त्याला क्रमांकाची खूण टोचायची आणि सोडून द्यायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बहामाजवळ खूण केलेले ब्लूफिन ट्यूना थेट नॉर्वेच्या किनाऱ्यावर सापडले. हा मासा अटलांटिक ओलांडतो, म्हणजे त्याचे रक्षण एकट्या देशाला जमणार नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले.

फोटोतला मासा

की वेस्टच्या धक्क्यावर पर्यटक पकडलेल्या माशांसह फोटो काढत. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातील असे फोटो मोजून पाहिले. हे मासे बहुतांशी दिवसभराच्या भाड्याच्या बोटींवर पकडलेले. तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. विजयचिन्ह म्हणून टांगलेल्या माशाचे सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर आले होते. फोटोतली माणसे मात्र पहिल्यासारखीच हसत होती. प्रत्येक पिढीला आपल्या काळातला मासाच मोठा वाटतो. मागचा आकडा समोर नसेल, तर घट दिसतच नाही.

दोष एकट्या हौशी बोटींचा नव्हे. अटलांटिकमधील ट्यूना घटला तो मुख्यतः व्यापारी जाळ्यांमुळे आणि लांब दोरांवरच्या हजारो गळांमुळे. तरी बोट जसजशी समर्थ होत जाते, तसतसा ‘आज मासा मिळाला’ हा पुरावा फसवा होत जातो. मासे कमी झाले असतील किंवा आपण शोधण्यात तरबेज झालो असू. दोन्हींचा परिणाम टोपलीत सारखाच दिसतो.

म्हणून किनाऱ्यालगतच्या शाळांतील शिक्षकांना आमचे एक सुचवणे आहे. महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांना फूटपट्टी आणि वही घेऊन बाजारात न्यावे. सुरमई, बांगडा, पापलेट यांपैकी कोणताही एक मासा निवडावा. दर वेळी वीस मासे मोजावेत, त्यांची लांबी आणि तारीख लिहावी आणि कोणत्या प्रकारच्या होडीने ते आणले हेही विचारून टिपून ठेवावे. पहिल्या वर्षी त्या वहीतून फारसे काही निघणार नाही. वही जपून पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.