पडद्यावरचं ‘ए’ कोण ठरवतं?

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर क्षणभर एक प्रमाणपत्र दिसतं. आपण तेव्हा मुलांना जागेवर बसवत असतो, त्यामुळे ते वाचायचं राहूनच जातं. पण मैत्रिणींनो, त्यावरच्या त्या एका अक्षरामागे मोठा इतिहास आहे.

इंग्रजांनी १९१८ साली सिनेमाचा कायदा केला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसवली. त्या कायद्यात लहान-मोठा असा भेद नव्हता. सिनेमा पास झाला की तो सगळ्यांसाठी. १९४९ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा दोन वर्ग आले: सर्वांसाठी ‘यू’ आणि फक्त प्रौढांसाठी ‘ए’. १९५२ च्या कायद्यातही ते कायम राहिले.

मग प्रश्न आला, ‘ए’ कशाला द्यायचं? ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘चार शहर एक कहानी’ हा छोटा माहितीपट काढला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या शहरांतली श्रीमंती आणि तिच्या शेजारचं दारिद्र्य त्यात होतं. मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्यं होती म्हणून त्याला ‘ए’ मिळालं. काही दृश्यं कापली तर ‘यू’ देऊ, असं सरकार म्हणालं. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असताना सरकारने न कापता ‘यू’ द्यायची तयारी दाखवली, तरी ते मागे हटले नाहीत. १९७० मध्ये न्यायालयाने वयानुसार वर्गवारी योग्य ठरवली, पण कलाकृती आणि अश्लीलता यांतला फरक नियमांत दिसला पाहिजे, असंही बजावलं. वाईट गोष्ट दाखवणं वेगळं आणि ती चवीने दाखवणं वेगळं, हे आपल्यालाही पटतंच की!

१९८३ पासून मधला ‘यूए’ वर्ग आला. त्या वेळच्या नियमांप्रमाणे कथाचित्रपट पाहायला परीक्षण समितीचे चार सदस्य आणि एक अधिकारी बसत. त्या चौघांत दोन स्त्रिया असत. चित्रपट संपल्यावर प्रत्येकाने आपलं मत लेखी द्यायचं. निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. संपूर्ण चित्रपटाचा एकूण परिणाम पाहायचा, एखादं दृश्य सुटं काढून नाही, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

२०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे केले. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्या मुलाला आत सोडायचं नाही, हे थिएटरवर कायद्याने बंधन आहे. ‘यूए’चा आकडा मात्र फक्त पालकांसाठी आहे, दारावर कुणी अडवणार नाही. म्हणजे तिथे परीक्षण समिती आपणच. तेव्हा तिकीट काढण्याआधी तो आकडा बघा, आणि आपल्या मुलाला काय झेपेल याचाही विचार करा.