सक्ती राज्याची, हप्ता कोणाचा? अमेरिकेतील मोटारविम्याचा इतिहास

१/ अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायमचे राहायला जाणाऱ्या माणसाला गाडीच्या नोंदणीबरोबर विमाही बदलावा लागतो. देश एक, पण किती रकमेचा विमा हवा हे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. न्यू हॅम्पशरमध्ये तर आजही सर्वसाधारण चालकावर विम्याची सक्ती नाही. हा पसारा कसा उभा राहिला आणि त्याचा भार कोणावर पडला, ते या धाग्यात पाहू.

२/ मूळ मोटारीच्या आधीचे आहे. १८६९ मध्ये ‘पॉल विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की विमा हा आंतरराज्य व्यापार नव्हे; म्हणजे त्याचे नियमन राज्यांकडे. १९४४ मध्ये न्यायालयाने हे मत फिरवले. विमा कंपन्या आणि राज्ये दोघेही धास्तावले आणि १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने संसदेने हा अधिकार राज्यांना परत देऊन टाकला.

३/ मधल्या काळात मोटार सामान्यांच्या दारात आली होती. वाटसरू गाडीखाली सापडे, न्यायालय भरपाईचा हुकूमनामा देई, आणि चालकाकडे देण्यासारखे काहीच नसे. यावर १९२५ मध्ये शेजारच्या दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या. कनेक्टिकटने अपघातानंतर चालकाला भरपाईची ऐपत सिद्ध करायला लावले. मॅसॅच्युसेट्सने विम्याशिवाय नोंदणीच नाकारली. अमेरिकेतला हा पहिला सक्तीचा मोटारविमा १ जानेवारी १९२७ पासून लागू झाला.

४/ मर्यादा होती एका जखमीमागे ५,००० डॉलर्स आणि एका अपघातामागे १०,०००. माणसाच्या इजेचा विमा सक्तीचा. चेपलेल्या गाडीचा नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हप्त्याचे दर ठरवण्याचे काम राज्याच्या विमा आयुक्ताकडे होते. एखादी वस्तू घेण्याची सक्ती करायची, तर तिची किंमत विक्रेत्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे या कायद्याने ओळखले होते. त्यामुळे दर हा तिथे कायमचा राजकीय वादाचा विषय झाला, हेही खरे.

५/ विमा कंपन्यांना हे मुळीच रुचले नाही. पुढे जवळजवळ तीस वर्षे इतर राज्ये कनेक्टिकटच्याच वाटेने गेली. सक्तीचा दुसरा कायदा न्यूयॉर्कने केला, तो १९५६ मध्ये.

६/ थोडे विषयांतर. आपल्याकडे ‘थर्ड पार्टी’ विम्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली आणि १ जुलै १९४६ पासून अमलात आली. तिचा नमुना अमेरिकी नव्हे, १९३० चा ब्रिटिश कायदा. भारतात मृत्यू वा इजेच्या या विम्याला कमाल मर्यादा नाही. रक्कम न्यायाधिकरण ठरवते. अमेरिकी पद्धतीत मात्र सगळा खेळ मर्यादेचा.

७/ तिथे ही मर्यादा तीन आकड्यांत लिहितात. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये ठरवलेली मर्यादा १५/३०/५ अशी होती: एका जखमीला १५,००० डॉलर्स, एका अपघातातील सर्व जखमींना मिळून ३०,०००, मालमत्तेच्या नुकसानीला ५,०००. यात चालकाची स्वतःची गाडी येत नाही. टक्कर, चोरी, विमा नसलेल्या गाडीने केलेली इजा यांसाठी वेगळे पर्याय, वेगळा हप्ता. आणि खर्च मर्यादेपलीकडे गेला तर? जखमीने चालकावर दावा लावायचा. पण किमान विमा बहुधा तोच घेतो, ज्याच्याकडे वसूल करण्याजोगे फारसे नसते.

८/ दोष कोणाचा हा प्रश्नच वगळून जखमीला त्याच्याच विमा कंपनीने पैसे द्यावेत, ही कल्पना रॉबर्ट कीटन आणि जेफ्री ओकॉनेल या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९६५ मध्ये सविस्तर मांडली. मॅसॅच्युसेट्सने १९७१ पासून ती स्वीकारली. मिशिगनने १९७३ मध्ये तर आजन्म, अमर्याद वैद्यकीय खर्च देऊ केला. योजना उदार होती, पण हप्ते देशातल्या सर्वांत महागड्यांत जाऊन बसले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे कमी संरक्षणाचा पर्याय निवडता येतो.

९/ मला सर्वांत बोलका वाटतो तो कॅलिफोर्नियाचा प्रसंग. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे विम्याचा पुरावा बाळगणे सक्तीचे झाले. दर मात्र कंपन्यांच्या हाती. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांत केवळ पत्त्यामुळे हप्ता जास्त पडे. बस अपुऱ्या, कामाला जायला गाडी हवी, गाडीला विमा हवा आणि विमा परवडत नाही. या कोंडीविरुद्धचा ‘किंग विरुद्ध मीस’ हा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८७ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. दरांवरचा उपाय विधिमंडळाने शोधावा, असा त्याचा रोख होता.

१०/ विधिमंडळ हलले नाही, मतदार हलले. नोव्हेंबर १९८८ च्या मतपत्रिकेवर विम्यासंबंधी तब्बल पाच प्रस्ताव होते. कंपन्यांनी प्रचारावर सहा कोटी डॉलर्सहून अधिक खर्च केले. तरीही संमत झाला तो एकच, त्यांना नको असलेला ‘प्रस्ताव १०३’, तोही जेमतेम ५१ टक्के मतांनी.

११/ त्यानुसार दर वाढवण्याआधी आयुक्ताची संमती आवश्यक झाली आणि आयुक्त निवडणुकीने येऊ लागला. हप्ता ठरवताना आधी चालकाची सुरक्षिततेची नोंद, मग वर्षाचे मैल, मग चालवण्याचा अनुभव, असा क्रम लागला. मात्र हा क्रम पत्त्याच्या वर राहील, अशी ठोस नियमावली यायला २००६ उजाडले.

१२/ दरांसाठी एवढे रण माजले, पण १५,००० चा आकडा कोणी हलवला नाही. १९६७ ते २०२४ या काळात तिथली महागाई सुमारे नऊपट झाली; जखमीच्या वाट्याची किमान रक्कम जागच्या जागी. कारण सरळ आहे: मर्यादा वाढली की हप्ता वाढतो, आणि तो आधी गरीब चालकाला बोचतो. १९९९ मध्ये कमी उत्पन्नाच्या चालकांसाठी स्वस्त योजना आली, तिची मर्यादा तर १०/२०/३. एका गरिबाला दिलासा मिळाला तो त्याच्या गाडीखाली येणाऱ्याच्या, बहुधा तितक्याच गरीब माणसाच्या, भरपाईला कात्री लावून.

१३/ अखेर २०२२ च्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून सर्वसाधारण मर्यादा ३०/६०/१५ झाली. पुढची वाढही त्याच कायद्यात लिहून ठेवली आहे: २०३५ मध्ये ५०/१००/२५.