बॅटरी बदलायची होती

हा रुग्ण कोणी एक माणूस नाही. पेसमेकरच्या शस्त्रक्रियेत पुन्हा पुन्हा होणाऱ्या, टाळता येणाऱ्या चुका इथे एकाच्या वाट्याला दिल्या आहेत. त्यांना अण्णा म्हणू. वय ७२. पेसमेकर १० वर्षांचा, बॅटरी संपत आलेली. शस्त्रक्रियेपासून ६२ व्या दिवशी ते जाणार आहेत.

आदली रात्र, ८.००. अण्णांना कणकण वाटते. सून क्रोसिन देते. “डॉक्टरांना सांगू का, अण्णा?” “नको गं, ऑपरेशन पुढे ढकलतील.” ढकलायलाच हवं होतं. आधीच्या २४ तासांत ताप असेल तर संसर्गाचा धोका वाढतो.

पहाटे ५.००. घोटभर पाण्याबरोबर दुसरी गोळी.

६.००. थर्मामीटर ९८.४ दाखवतो. गोळी घेतली का, हे कोणी विचारत नाही.

६.२०. क्लिपर चार्ज केलेला नाही. वॉर्डबॉय छातीचे केस ब्लेडने काढतो. कॉलरबोनखाली दोन बारीक ओरखडे उठतात.

७.४०. अँटिबायोटिक: सेफाझोलिन, २ ग्रॅम, शिरेतून. या औषधाची ताकद ब्राझीलमधल्या २००९ च्या चाचणीत दिसली होती: औषध मिळालेल्यांत संसर्ग ०.६३ टक्के, न मिळालेल्यांत ३.२८. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. मात्र औषध छेदाआधीच्या ६० मिनिटांत द्यायचं असतं.

८.०५. हार्ट अटॅकचा रुग्ण येतो. कॅथलॅब त्याला दिली जाते, आणि ते योग्यच आहे. अण्णा बाहेर स्ट्रेचरवर.

९.२५. “अँटिबायोटिक दिलंय?” “दिलंय, सर.” किती वाजता, हा प्रश्न येत नाही. छेद. मधे १०५ मिनिटं गेली आहेत.

१०.१०. टाके. रक्त किंचित झिरपतंय. ठोके अनियमित असल्यानं अण्णा रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेत होते. ५ दिवसांपूर्वी ते थांबवून हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू केली. काळजीपोटीच. पण कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की असं केलं तर १६ टक्के रुग्णांत जखमेत रक्त साठतं. वॉर्फरिन चालू ठेवलं तर ३.५ टक्के. आणि रक्त साठलेल्यांत पुढच्या वर्षभरात गंभीर संसर्गाचा धोका सात पटींहून अधिक.

संध्याकाळी ७.३०. लिंबाएवढी सूज. दाबपट्टी बांधतात. रात्रीचं हेपॅरिन ठरल्याप्रमाणे दिलं जातं.

दिवस ३. सिरिंजनं २० मिली रक्त ओढून काढतात. ही सुई टाळायची असते; तिच्यासोबत त्वचेवरचे जंतू आत जाऊ शकतात. दुपारी डिस्चार्ज.

दिवस २४. टाक्यांपाशी लाली, पिवळसर थेंब. जवळच्या दवाखान्यात ७ दिवसांच्या गोळ्या. लाली ओसरते. पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन होत नाही. यंत्रावर जंतूंचा चिकट थर बसला की गोळ्या त्याला पुरत नाहीत. यंत्र आणि त्याच्या हृदयात गेलेल्या तारा, सगळंच काढावं लागतं. अमेरिकेतल्या ११,६१९ संसर्गग्रस्त रुग्णांच्या नोंदींत ३० दिवसांच्या आत ते झालं फक्त १८.२ टक्क्यांत. या लेखातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी संख्या हीच.

दिवस ५८, रात्री ११.००. हुडहुडी, १०३ ताप. पावसाळा आहे. मलेरिया, डेंगीच्या चाचण्या, दोन्ही निगेटिव्ह. सलाईनमधून अँटिबायोटिक.

दिवस ५९, सकाळी १०.००. रक्त कल्चरला जातं. अँटिबायोटिकच्या आधी जायला हवं होतं.

दिवस ६१, दुपारी ४.००. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत तारेला लोंबणारी २२ मिलिमीटरची गाठ. सगळं काढायचं ठरतं. वेळ: उद्या सकाळी ९.००.

दिवस ६२, पहाटे ४.१०. मृत्यू. कारण: सेप्सिस.