एका पाठ्यपुस्तकावरचा वाद आणि ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाचा अर्थ

संशोधनाच्या आराखड्यात ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द आपण सगळेच घालतो. मीही घातला होता. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “म्हणजे नक्की काय करणार?” मला काही सांगता आलं नाही. ‘इस्लामी धर्मविद्या आणि समाजशास्त्रं दोन्ही वाचणार’ हे काही उत्तर नव्हे. उत्तराचा धागा मला पुढे इंडोनेशियाच्या विद्यापीठीय इतिहासात सापडला. पीएचडीच्या तयारीत असलेल्यांना तो उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून आज त्याबद्दल.

इंडोनेशियात 1960 साली सरकारी इस्लामी उच्चशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. तिथले बरेच विद्यार्थी पेसान्त्रेन म्हणजे पारंपरिक निवासी धर्मशाळांमधून आलेले. कुराणाचं भाष्य, हदीस, फिक्ह म्हणजे धर्मकायदा, कलाम म्हणजे धर्मसिद्धान्त, हे त्यांचे विषय. फिक्हमध्ये शाफी आणि सिद्धान्तात अशअरी, ही ठरलेली चौकट. ‘बरोबर मत कोणतं?’ हा मुख्य प्रश्न. समाजशास्त्रज्ञाचा प्रश्न वेगळा असतो: हे मत कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत मांडलं आणि लोकांनी त्याचं काय केलं?

हे दोन प्रश्न एका वर्गात आणणाऱ्यांत दोन नावं महत्त्वाची. मुक्ती अली आणि हारून नासुतिओन. दोघंही कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात शिकले. तिथली इस्लामी अध्ययन संस्था 1952 मध्ये विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी सुरू केली होती. हे स्मिथ त्याआधी लाहोरला शिकवत होते. मुक्ती अलींनी मायदेशी येऊन तौलनिक धर्माभ्यास रुजवला, आणि 1971 ते 1978 या काळात ते धर्ममंत्री होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: नुसत्या शास्त्रीय पद्धतीने धर्म बाहेरूनच दिसतो, आणि नुसत्या सिद्धान्ताने समाज दिसतच नाही.

हारून 1973 मध्ये जकार्ताच्या संस्थेचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी त्यांचं दोन खंडांचं पाठ्यपुस्तक आलं. त्यात इस्लामची ओळख अनेक अंगांनी करून दिली होती: उपासना, इतिहास, राजकारण, कायदा, सिद्धान्त, तत्त्वज्ञान, सूफी विचार, सुधारणा. ज्या मुअतझिली पंथाचं नाव बहुतेकांनी फक्त खंडनापुरतं ऐकलेलं, त्याचे युक्तिवाद आता अभ्यासाला आले.

आणि इथे वाद पेटला.

टीकाकार होते मोहम्मद रशीदी. ‘जुन्या वळणाचे मौलवी चिडले असतील’ असं तुम्हाला वाटेल, तर थांबा. रशीदी इंडोनेशियाचे पहिले धर्ममंत्री, सोर्बोनचे डॉक्टरेट, आणि स्वतः मॅकगिलमध्ये शिकवलेले. हारून यांना तिथे जायला मदत करणाऱ्यांत तेच होते! 1975 मध्ये त्यांनी धर्ममंत्र्यांकडे या पुस्तकाविरुद्ध लेखी अहवाल दिला. काही हालचाल होईना, तेव्हा 1977 मध्ये तो पुस्तकरूपाने छापला.

त्यांचा एक आक्षेप आपल्या कामाचा आहे. हारून यांच्या पहिल्या प्रकरणात धर्माची चढती पायरी दिली होती: आधी वस्तूंतल्या गूढ शक्तीवर श्रद्धा, मग आत्म्यांवर, मग अनेक देव, शेवटी एक देव. ही एकोणिसाव्या शतकातली युरोपीय कल्पना. रशीदींचा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने होता. कोवळ्या विद्यार्थ्याला स्वतःचा धर्म या चौकटीत का दाखवायचा? पण गंमत बघा, तोवर मानवशास्त्रज्ञांनीही ही पायरी मोडीत काढली होती. म्हणजे ‘आधुनिक’ म्हणून उसनी आणलेली वस्तू मूळ दुकानातच जुनी झालेली. ते ठिगळ आधी दिसलं ते धर्मविद्येच्या बाजूला उभ्या माणसाला.

पुस्तक मात्र अभ्यासक्रमात राहिलं. 1982 मध्ये जकार्तात पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. विद्यार्थ्याने निबंध लिहायचा आणि सगळ्यांसमोर त्याचा बचाव करायचा, ही हारून यांची रीत होती.

मग खरा मेळ कसा दिसतो? त्यासाठी अझ्युमार्दी अझ्रा यांचा प्रबंध बघा. जकार्तात शिकून त्यांनी 1992 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी केली. विषय होता सतराव्या-अठराव्या शतकांतली मक्का-मदिना आणि मलय-इंडोनेशियन उलेमांची जाळी. साधनं पारंपरिक: अरबी चरित्रकोश, गुरुपरंपरेच्या नोंदी. प्रश्न सामाजिक इतिहासाचा: कोण कोणाकडे शिकला, आणि विचार कोणत्या वाटेने फिरला? या वाटेवर आपल्या जवळचं बऱ्हाणपूरही येतं. तिथल्या मुहम्मद इब्न फझलुल्लाह यांची 1590 ची एक छोटी सूफी पुस्तिका थेट आचे आणि जावापर्यंत पोचली. तिचे चुकीचे अर्थ लावले जाऊ लागले, तेव्हा मदिनेत इब्राहीम अल-कुरानी यांनी खास त्या बेटांवरच्या विद्यार्थ्यांसाठी तिच्यावर भाष्य लिहिलं. अरबी न येणाऱ्याला हे वाचता आलं नसतं. आणि ‘जाळं’ ही कल्पना नसती, तर वाचूनही ते सुटं सुटं राहिलं असतं.

अझ्रा प्रमुख असतानाच, 2002 मध्ये, जकार्ताच्या संस्थेचं विद्यापीठ झालं. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, विज्ञान आणि पुढे वैद्यकशास्त्रही आलं. योग्याकार्तात अमीन अब्दुल्ला यांनी ज्ञानशाखांची मांडणी कोळ्याच्या जाळ्यासारखी केली. भीतीही होती: विद्यार्थी नोकरीच्या विषयांकडे धावतील आणि धर्मविद्येचे वर्ग ओस पडतील. ती भीती पोकळ नव्हती. एका आवारात दोन इमारती बांधल्या म्हणून त्यांच्यात बोलणं सुरू होतंच असं नाही.

माझ्या आराखड्यातून तो शब्द मी काढून टाकला. त्याजागी तीन ओळी लिहिल्या: साधन कोणत्या परंपरेचं, प्रश्न कोणत्या शास्त्राचा, आणि उत्तर चुकलं तर ते मला कोण दाखवेल. तिसरी ओळ सगळ्यात अवघड गेली. तुमचा आराखडा घेऊन बसाल, तेव्हा आधी तीच लिहून बघा. आपल्या विषयातला ‘रशीदी’ कोण हे माहीत नसेल, तर वाचन अजून व्हायचंय असं समजा.