पाहुणे येतील तिथे किताब

महाराष्ट्रात फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, किताब आधी मुलींनी आणला. ठाण्यात खोपटला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. नवीन मूल आलं की घोड्याची चाल शिकवायच्या आधी हे सांगतो. गिरगावातल्या खाडिलकरांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. वडील नीलकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली सुरू झाली, ती वासंतीने जिंकली आणि पुढची दहाएक वर्षं विजेतेपद त्या घराबाहेर गेलं नाही. 1979 मध्ये जयश्री महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या वेळेपर्यंत देशातल्या पुरुषांमध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर दोघेच होते, मॅन्युएल ऍरन आणि व्ही. रविकुमार, दोघेही तमिळनाडूचे.

रोहिणीची गोष्ट मुलांना जास्त आवडते. 1976 साली, तेरा वर्षांची असताना ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं की स्त्री आहे म्हणून कुणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही. युवे स्वतः जगज्जेते राहिलेले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. पुढे 1981 मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली, तेही आपल्याच देशात, हैदराबादला. ही स्पर्धा हैदराबादला झाली, या गोष्टीकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं.

किताबांचा इतिहास वाचताना एक गोष्ट दिसते. खेळाडू किती तयारीचा आहे याच्याइतकंच त्याच्यासमोर कोण येऊन बसतं, यावर सगळं अवलंबून असतं. फिडे 1924 साली पॅरिसला स्थापन झाली, पण किताब अधिकृतपणे द्यायला लागली 1950 पासून. पहिल्या यादीत 27 ग्रँडमास्टर, 94 आंतरराष्ट्रीय मास्टर आणि 17 महिला आंतरराष्ट्रीय मास्टर होते. अखंड हिंदुस्थानातल्या पंजाबचा मीर सुलतान खान त्यात नव्हता. त्याने तीनदा ब्रिटिश विजेतेपद मिळवलं होतं, हेस्टिंग्जला माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं होतं. ज्याच्या पदरी तो होता त्या मालकाबरोबर तो इंग्लंडहून परत आला आणि मोठ्या स्पर्धांपासून कायमचा तुटला. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते 2024 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. हा अन्याय मला आजही सलतो.

आपल्याकडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 साली आंध्रातल्या एलुरूला झाली. डी. वेंकय्या आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. पण देशातलं सर्वोच्च पद मिळालं म्हणून फिडेचा किताब मिळत नसतो. तो ऍरनना 1961 मध्ये मिळाला, कारण विभागीय लढतींत परदेशी खेळाडू समोर आले. मंगोलियाच्या मोमोला त्यांनी हरवलं, आणि ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी तर थेट मद्रासला खेळायला आले होते.

पालक मला विचारतात, सर, नॉर्म म्हणजे नेमकं काय? मी फळ्यावर आकडे मांडतो. ग्रँडमास्टर व्हायला गुणांकन एकदा तरी 2500 व्हावं लागतं, आणि एकूण किमान 27 डावांचे नॉर्म लागतात, बहुतेक वेळा नऊ-नऊ फेऱ्यांच्या तीन स्पर्धा. प्रत्येक नॉर्ममध्ये कामगिरी 2600 च्या तोडीची हवी. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी 2380 असेल तर नऊपैकी सात गुण. समोर निदान तीन ग्रँडमास्टर बसायला हवेत, आणि साधारणपणे दोन परक्या देशांचे खेळाडूही. ही शेवटची अट ऐकली की पालक गप्प होतात. ठाण्यातला मुलगा कितीही चांगला खेळला तरी परदेशी ग्रँडमास्टर त्याच्या गल्लीत येत नाहीत.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही अट आणखी जाचक होती. परकीय चलनावर कडक बंधनं, विमानाचं तिकीट मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर. मुंबईचे प्रवीण ठिपसे सात वेळा राष्ट्रीय विजेते, 1985 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय. तरी ग्रँडमास्टर किताब हाती आला 1997 साली. बारा वर्षं. विश्वनाथन आनंद (1988) आणि दिब्येंदु बरुआ (1991) यांच्यानंतरचे ते देशातले तिसरे. चौथा पुण्याचा अभिजित कुंटे, 2000 साली. ठिपसेंची ती बारा वर्षं मला कुठल्याही विजेतेपदापेक्षा मोठी वाटतात. खेळ उतरू न देता इतकी वर्षं दार ठोठावत राहणं फार थोड्यांना जमतं.

परदेश नाही, पण तोडीचे खेळाडू समोर येतील अशी एक जागा तेव्हाही होती, सांगली. तरुणपणी खोपटच्या स्टँडवरून रात्रीची एसटी पकडून आम्ही तिथल्या स्पर्धांना जायचो. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी त्या गावात जे उभं केलं, त्याला मी हात जोडतो. भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) आणि स्वाती घाटे तिथल्याच. भाग्यश्री पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली, 1986 मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टरही; स्वाती महिला ग्रँडमास्टर. तालुक्यातालुक्यातून आलेली पोरं एका हॉलमध्ये दिवसभर डाव मांडून बसलेली असत, आणि संध्याकाळी डावाची उजळणी करायला मोठे खेळाडूही थांबत.

मग 28 जुलै 2025 उजाडला. जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, देशातली 88 वी. तिच्या नावावर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. काही जागतिक आणि खंडीय स्पर्धांच्या विजेत्याला किताब थेट मिळतो, असा फिडेचा नियम आहे. रविकुमारनाही 1978 मध्ये आशियाई ज्युनियर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय मास्टर किताब तसाच मिळाला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, मग आम्ही नॉर्म कशाला करायचे? मी तिला दिव्याने विश्वचषकात ज्यांच्याशी सामने खेळले त्या खेळाडूंची यादी दाखवली. नॉर्ममध्ये ज्या तोडीचे प्रतिस्पर्धी असावे लागतात, त्याहून कठीण माणसं होती ती.

मुंबईत महापौर चषकासारख्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्यापासून चित्र पालटलं आहे. परदेशी ग्रँडमास्टर आता लोकलच्या अंतरावर येऊन बसतात, आणि डोंबिवली-कल्याणची मुलं सकाळची गाडी पकडून त्यांच्याशी खेळायला जातात. अशी एखादी नऊ फेऱ्यांची स्पर्धा ठाण्यातही दरवर्षी व्हायला हवी. मोठा हॉल, काही परदेशी ग्रँडमास्टर्सचं मानधन आणि दहा दिवसांची राहण्याची सोय, एवढ्यासाठी आमच्या पट्ट्यातले पालक, शाळा आणि महापालिका एकत्र बसू शकतात. मी पुढच्या महिन्यात तो प्रस्ताव घेऊन जाणार आहे.