एका शब्दाने अडवलेला विषाणू

मागच्या वेळी आपण प्रमाणांविषयी बोललो. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द वगैरे. आज एक असं प्रकरण बघू या, जिथे शब्दप्रमाणाने अनुमानाला काही वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं. आणि तेही विज्ञानात!

1911 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या कर्करोगाच्या गाठीचा अर्क काढला. पेशीच काय, जंतूही अडतील अशा गाळणीतून तो गाळला आणि दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशीच गाठ आली. म्हणजे कारण विषाणू. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं 1966 मध्ये, राउस तेव्हा 87 वर्षांचे होते.

आता पेच असा, की हा विषाणू आरएनएचा. मग बाधित पेशी विभागत गेली तरी तिचा बिघडलेला स्वभाव पुढच्या पेशींत टिकतो कसा? विस्कॉन्सिनच्या हॉवर्ड टेमिन यांनी 1964 मध्ये मांडलं, की विषाणू आरएनएवरून डीएनए घडवतो आणि तो पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो. आधार? ॲक्टिनोमायसिन डी हे द्रव्य डीएनएवरून आरएनए बनणं थांबवतं. ते दिलं की हा आरएनए विषाणू तयार होणंही थांबायचं. धुराअर्थी अग्नी, असं अनुमान.

लोक म्हणाले, छे! क्रिक यांचा 'सेंट्रल डॉग्मा' आहे ना! पण बघा, क्रिक 1958 मध्ये म्हणाले होते ते एवढंच, की माहिती एकदा प्रथिनात गेली की परत फिरत नाही. डीएनए, मग आरएनए, मग प्रथिन, हा एकेरी रस्ता पाठ्यपुस्तकांनी रूढ केला. क्रिक यांनी पुढे सांगितलं, की 'डॉग्मा' म्हणजे पुराव्याविना मांडलेली कल्पना, असं ते समजत होते! आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांनी यावर हसावं की रडावं? अर्थात टीकाकार सगळेच पोथीनिष्ठ नव्हते. टेमिन यांचा पुरावा अप्रत्यक्षच होता, औषधाचे इतरही परिणाम असू शकत होते.

जून 1970. टेमिन व सातोशी मिझुतानी यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, खुद्द विषाणूच्या कणातच आरएनएवरून डीएनए घडवणारं विकर दाखवलं. दोन्ही लेख 'नेचर'च्या एकाच अंकात. त्याच वर्षी क्रिक यांनीही लिहिलं, की ही वाट आपण कधी बंद केलीच नव्हती.

शिरकावाचं काम इंटिग्रेज नावाचं दुसरं विकर करतं. ते विषाणूच्या डीएनएची टोकं तासतं, पेशीचा डीएनए कापतं आणि सांधा जोडतं. उरलेल्या फटी बुजवते कोण? पेशीच, आपल्याच दुरुस्तीच्या यंत्रणेने! पुढे ती पाहुण्याच्या नकला स्वतःच्या समजून काढत राहते. एचआयव्हीची हीच रीत. आजची औषधं ही दोन्ही विकरं रोखतात, पण आधीच बसलेला डीएनए उपटून काढत नाहीत. म्हणून गोळ्या थांबवल्या की स्वस्थ पडलेल्या पेशींतून तो बहुधा पुन्हा डोकं वर काढतो.